गुरवाच्या वैजूची सुट्टी

“पाटी वर धर. आणखी वर! मला तुझं कपाळ नको, अक्षर दाखव,” मी ओरडले.

वैजूने पाटी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली. पाटीवर ‘ग’ होता, पण काना डावीकडे आणि पोट उजवीकडे. मी देवळाच्या आवारात कडुलिंबाखाली उभी, ती तिकडे आपल्या घराच्या उंबऱ्यावर, आणि मधल्या अंगणात देवीला सोडलेल्या कोंबड्या माझ्या शिकवण्यात मनसोक्त व्यत्यय आणत होत्या.

“उलटा काढलास. पूस.”

“बाई, तुमच्याकडनं उलटा दिसतोय. माझ्याकडनं सरळ हाय.”

त्या सहा वर्षांच्या पोरीचं खरं करायला शेवटी मीच मान वाकडी करून तो ‘ग’ पाहिला.

या गोष्टीला आता पंचवीसच्या वर वर्षं झाली. आमच्या गावाला लागून असलेल्या डोंगरवाडीत त्या उन्हाळ्यात गोवराची साथ आली. तालुक्याच्या डॉक्टरांचा शाळेला निरोप आला की ज्या मुलांना गोवराची लस टोचलेली नाही त्यांना साथ ओसरेपर्यंत वर्गात बसवू नका. आमच्या शाळेत अशी मुलं निघाली तीन. दोघांच्या आयांनी निरोप मिळताच मुलांना बखोटीला धरून उपकेंद्रात नेलं. उरली गुरवाची वैजू. तिची आई द्वारका काही तयार होईना.

मुख्याध्यापक घोडके गुरुजी म्हणाले, “पोर घरी बसली तरी तिचं शिकणं बसता कामा नये.” आणि माझ्याकडे पाहिलं. पहिलीचा वर्ग माझा होता. शिवाय मी सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची आणि गावातच खोली घेऊन राहणारी, म्हणजे मला संध्याकाळी दुसरं काय काम असणार! गोवर मला लहानपणीच येऊन गेला होता, त्यामुळे तीही सबब नव्हती. मी कुरकुरले आणि गेले. शाळा सुटली की देवळाच्या आवारात उभं राहून लांबून शिकवायचं, वर्गातलं काही माझ्या अंगाकपड्यांवरून तिच्याकडे जायला नको म्हणून. वर्गातल्या पोरी रोज वैजूसाठी काहीतरी चित्र काढून द्यायच्या, ते मी उंबऱ्यापासून दूर दगडाखाली ठेवून यायची. वैजू ती सगळी जपून ठेवायची.

द्वारका माझ्याशी बोलत नसे. पहिल्या दिवशी मात्र बोलली होती.

“शाळंत घेत न्हाई म्हणतासा, आन् हितं येऊन शिकीवतासा. मारायचं आन् वर कुरवाळायचं, ही कुठली रीत वो बाई?”

“एक सुई टोचून घ्या, उद्या शाळेत पाठवा,” मी म्हटलं. मी तोंडाची फटकळच.

ती घरात गेली आणि आतून कडी लावली.

तिचा पहिला मुलगा सुई टोचल्यावर दुसऱ्या दिवशी गेला, असं गाव सांगायचं. उपकेंद्राच्या शैला सिस्टर म्हणायच्या, त्याच्या छातीत आधीच न्युमोनिया भरला होता, सुईचा काही संबंध नव्हता, मोठ्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गावाने सिस्टरचं ऐकून घेतलं आणि आपलं म्हणणं काही सोडलं नाही.

एका मंगळवारी गुरुजींनी शाळा अर्ध्यावरच सोडली. उन्हं उतरायची वाट न बघता मी दुपारीच गुरवाकडे गेले. आवारात शिरले आणि जागच्या जागी थांबले.

मंगळवार हा देवीचा वार, हे मला माहीत होतं. पण आपल्याकडे गोवराला ‘बाया आल्या’ म्हणतात, आणि बाया आलेलं मूल देवीच्या पायरीशी आणतात, हे मी ऐकून होते, पाहिलं नव्हतं. डोंगरवाडीच्या पाच-सहा बायका मुलांना लुगड्याच्या पदरात गुंडाळून पायरीवर बसल्या होत्या. मुलांचे डोळे लाल आणि चिकटलेले, तोंडावर पुरळ, एक पोर तर खोकून खोकून आईच्या खांद्यावर लोळागोळा झालेलं. आणि त्या सगळ्यांच्या मधून वैजू फिरत होती. न्हाऊमाखू घातलेली, परकर नेसलेली, कपाळाला मळवट. हातात तांब्या. ती एकेका मुलासमोर वाकायची, चुळकाभर पाणी त्याच्या तोंडात सोडायची आणि ओला तळवा त्याच्या चेहऱ्यावरून फिरवायची.

“वैजू!” मी किंचाळले.

तांब्या हिंदकळला. पोरीने दचकून बापाकडे पाहिलं. नारायण गुरव हातात भंडाऱ्याचं ताट घेऊन गाभाऱ्याच्या दारात उभे होते. मवाळ माणूस. त्यांना माझ्या ओरडण्याचा अर्थच कळला नाही.

“काय झालं वो बाई?”

“तिला तिथून बाजूला घ्या. आधी बाजूला घ्या!”

“कुमारिकेच्या हातचं पाणी लागतंय. बायांचा दाह निवतोय त्यानं. झालंच आता, दोन लेकरं ऱ्हायलीत.”

“पण तुमची मुलगी का?”

“आधी माझ्या भावाची पोर द्यायची. तिचं लगीन झालं. वैजूची मंगळवारी शाळा, म्हणून अडलं असतं.” नारायणराव समाधानाने म्हणाले, “आता घरातच हाय की. देवीनंच सोय केली म्हणायची.”

सोय देवीने केली नव्हती. ती तालुक्याच्या डॉक्टरांनी, घोडके गुरुजींनी आणि मी मिळून केली होती. गोवरापासून वाचावी म्हणून आम्ही जिला घरी पाठवलं, तिचं घर म्हणजे अख्ख्या टापूतला गोवर पायरी चढून येण्याची जागा. गुरवाचं घर कुठे आहे हे शाळेत कोणाला माहीत नव्हतं असं नाही. देऊळही माहीत होतं, मंगळवारही माहीत होता. पण देऊळ एका खणात आणि शाळा दुसऱ्या खणात ठेवायची आम्हा शिकलेल्यांना सवयच असते.

मी तडक उपकेंद्रात गेले. शैला सिस्टर सुया उकळत होत्या. सगळं ऐकून त्यांनी गॅस बंद केला.

“यापूर्वी कधी दिलं होतं पाणी तिने?”

“आजच. नारायणराव म्हणाले, वाडीची माणसं या साथीत आज पहिल्यांदाच उतरली खाली.”

“मग अजून वेळ आहे. गोवराच्या पोराशी संबंध आल्यावर तीन दिवसांच्या आत लस दिली तर बहुतेक वेळा आजार अडतो. खात्री नाही देत मी. पण नाही दिली आणि गोवर आला, तर त्या पोरीचं काय होईल त्याचीही नाही देत.” त्या जरा थांबल्या. “तिची छाती नाजूक आहे, बाई. वाडीत दोन पोरं गेली, ठाऊक आहे ना? त्यातली एक तिच्याच अंगलटीची होती.”

“लस आहे इथे?”

“उद्या सकाळी तालुक्याहून बर्फाच्या डब्यात येईल. उरलेली दुपारी परत जाते. पुढची खेप आठवड्याने. तुम्ही पोरगी आणा. मी गेले तर ती बाई दार उघडायची नाही.”

संध्याकाळी मी पुन्हा गुरवाच्या अंगणात. या वेळी लांब उभी राहिले नाही, थेट ओसरीवर जाऊन बसले. द्वारका देवीची तांब्याची भांडी चिंचेने घासत होती. वैजू आत चित्रं मांडून खेळत होती. मी सिस्टर जे बोलल्या ते जसंच्या तसं सांगितलं, वाडीतल्या दोन पोरांसकट. नारायणराव मान खाली घालून ऐकत होते.

“देवीच्या दारात आलेल्याला मला न्हाई म्हणता येत न्हाई, बाई,” ते म्हणाले.

“त्यांना नाही म्हणू नका. फक्त वैजूला पुढे करू नका.”

“ते जमंल. पाणी मी देतो. देवी काय शाळामास्तर हाय व्हय, हजेरी घ्यायला?” मग आवाज उतरवून म्हणाले, “पर सुईचं मला इचारू नगा. पोराच्या येळंला जा म्हणून मीच सांगितलं हुतं. तवापासनं त्या बाबतीत मी तोंड उघडत न्हाई. तिला इचारा.”

द्वारकाचा हात थांबला नव्हता. तांब्या केव्हाच लखलखीत झाला होता, तरी ती घासतच होती.

“द्वारकाबाई, उद्या सकाळचाच वेळ आहे.”

तिने तांब्या फिरवून पुन्हा चिंच लावली.

“तुमचं दुःख मला कळतं, पण…”

“न्हाई कळत,” ती म्हणाली.

तिचं बरोबर होतं. मी गप्प बसले. माझ्यासारखीला गप्प बसणं किती अवघड, हे मला ओळखणाऱ्यांनाच ठाऊक. पण बसले. आत वैजू स्वतःशीच बाराखडी म्हणत होती, अर्धी चुकीची.

शेवटी द्वारकाने तांब्या खाली ठेवला.

“बाळ वरसाचं हुतं,” ती म्हणाली. “माझ्या मांडीवर हुतं. नर्सबाई म्हणल्या, घट्ट धर, हलू दिऊ नगो. त्यो माझ्याकडं बगून रडत हुता, मला सोडीव म्हणत हुता. मी घट्ट धरला. दुसऱ्या दिशी त्याच मांडीवर गेला.”

नारायणराव उठून देवळाकडे निघून गेले.

“डॉक्टर म्हणलं, सुईनं न्हाई गेला. आसंल. ते शिकलेलं हाईत, खोटं कशाला बोलतील? पर धरला मी हुता. पळाय बगत हुतं लेकरू, आन् धरला मी.” तिने हात पुढे करून पाहिले, चिंचेने काळे झालेले. “दरसाली नर्सबाई येत्यात. दारातनंच म्हणत्यात, घे पोरीला मांडीवर. त्यांचा आवाज आला की मी कडी लावती.”

इतकी वर्षं सगळे तिला सुई समजावून सांगत होते. सुईबद्दल तिचं काही म्हणणंच नव्हतं.

“मी घेते मांडीवर,” मी म्हटलं. “तुम्ही यायचंसुद्धा नाही.”

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं होतं ती रडेल. पण तिचे डोळे कोरडे होते, आणि पुढचं ती जे बोलली ते अगदी शांतपणे बोलली.

“मग सकाळी न्या. आन् दिवसभर तुमच्याकडंच ठेवा. काय व्हायचं ते तुमच्या दारात हुंदे. जगली तर सांजंला आणून घाला.”

त्या बाईने आपली पोर माझ्या ओटीत टाकली आणि तिच्या मरणाचा धनीही मलाच केलं. मी ‘आणते’ म्हटलं. बाजारातून कोथिंबीर आणते म्हणावं तसं म्हटलं, आणि खोलीवर येऊन रात्रीतून तीनदा उठून घड्याळ पाहिलं.

सकाळी वैजू नवा फ्रॉक घालून तयार होती. नारायणरावांनी तिला आवाराच्या दारापर्यंत आणलं. द्वारका दिसली नाही. वाटेने वैजूची टकळी अखंड चालू. शाळेत जायचं का? आज का नाही? सुई केवढी असते? मुंगीएवढी की विंचवाएवढी?

“मुंगीपेक्षा मोठी, विंचवापेक्षा लहान,” मी म्हटलं.

उपकेंद्रात मी बाकावर बसले आणि तिला मांडीवर घेतलं. सिस्टरनी दंडाला स्पिरीट लावलं. गार लागताच पोरीला काय ते उमगलं आणि ती सुळकन निसटायला लागली. “बाई, नको! बाई, सोडा!”

“घट्ट धरा, हलू देऊ नका,” सिस्टर म्हणाल्या.

मी घट्ट धरलं. ती मान वळवून माझ्याकडे बघत होती. हात माझे होते, पण त्या क्षणी ते मला मुळीच नको होते. एका निमिषात काम झालं. सिस्टरनी अर्धा तास बसवून घेतलं, डोळे पाहिले, छाती ऐकली. “ठणठणीत आहे. ताप आलाच तर घाबरायचं नाही,” असं म्हणून आम्हाला सोडलं.

मी रजा काढली होती. माझी खोली म्हणजे एका घराचा मागचा भाग, पुढे एक दार, मागे एक दार, पलीकडे धुण्याचा दगड आणि मोरी. मी शिरा केला, तिने दोनदा मागून खाल्ला. माझ्या पेटीतल्या सगळ्या बांगड्या घालून पाहिल्या. मला वाघोबाची गोष्ट सांगितली, त्यात वाघ शेवटी शाळेत जात होता. मी हसत होते, पण दर थोड्या वेळाने तिच्या कपाळाला हात लावत होते.

“बाई, सारखा हात का लावताय?”

“गरम आहेस का बघते.”

“मी काय भाकरी हाय?”

जेवल्यावर तिला झोप आली. सतरंजीवर आडवी झाली आणि बोलता बोलता गप्प झाली. तोपर्यंत खोलीत तिचा आवाज होता. तो थांबला आणि मला भीतीने घेरलं.

मी डी.एड. झालेली बाई. लस म्हणजे काय ते मला तोंडपाठ. पण समोर पोर निपचित पडलेली पाहिली आणि ते सगळं कुठल्या कुठे गेलं. श्वास फार हळू चाललाय असं वाटलं. नाकाशी बोट धरलं, तर फार जोरात चाललाय असं वाटलं. ओठ निळसर आहेत का? की फ्रॉकच निळा आहे म्हणून? तिच्या छातीतून बारीक घरघर ऐकू आली. मी कान लावला, तर घरघर पंख्याची होती. पंखा बंद केला, तर घामाने तिचं कपाळ ओलं झालं, म्हणून पुन्हा लावला. सिस्टरना बोलवायला जावं, तर हिला एकटी कशी सोडू? बसवेना. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत येरझाऱ्या घालत राहिले. ‘जगली तर सांजंला आणून घाला.’ दर फेरीला तेच डोक्यात. एका फेरीला मी देवीला नारळ बोलले. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, सिस्टरना तर नाहीच.

वाटलं, द्वारकाने त्या बाळाकडे असंच पाहिलं असेल. आणि ते पाहता पाहता गेलं.

उन्हं कलायला लागली तेव्हा वैजूने कूस बदलली. मी गुडघ्यावर बसले. तिने डोळे उघडले, खोली ओळखली, मला ओळखलं.

“बाई, शू.”

या जगात एवढा गोड शब्द मी ऐकलेला नाही. मी तिला उभी केली आणि मागचं दार उघडलं.

धुण्याच्या दगडावर द्वारका बसली होती.

उन्हाने तोंड रापलेलं, ओठ सुकलेले, पदर डोक्यावरून पुढे ओढलेला. मला पाहून ती उठली नाही. फक्त माझ्या मागे पाहायला लागली.

“केव्हा आलात?” मी विचारलं.

“तुमच्या मागनंच. नर्सबाईंकडनं तुम्ही आला तवाच.”

“सकाळपासून इथे उन्हात? अहो, मग आत का नाही आलात?”

“आत आले असते तर उचलली असती,” ती म्हणाली. “आन् मी हात लावला आन् काय झालं मंजी?”

मी पाण्याचं भांडं आणून तिच्यापुढे ठेवलं.

“दुपारपतुर तिचं बोलणं ऐकू येत हुतं. वाघाची गोष्ट सांगत हुती. मग आवाज थांबला,” द्वारका म्हणाली. “दारापाशी दोनदा आले. कडीला हात लावला. मग म्हटलं, दार वाजीवलं आन् तुम्ही उघडून नुसत्याच उभ्या ऱ्हायला, तर?”

“झोपली होती हो.”

“ते ठावं न्हवतं. पर तुमी चालत हुता. या भिंतीकडनं त्या भिंतीकडं. पावलं वाजत हुती.” आता तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. “मी म्हटलं, बाई चालतीया तवर पोर हाय. बाई बसली की सपलं. म्हणून तुमची पावलं ऐकत बसले.”

आतली माझी ती वेडी येरझार, आणि बाहेर ही तिच्यावर जीव टांगून बसलेली. पुढे पंधरा दिवस आम्ही दोघींनी त्या पोरीच्या अंगावर पुरळ शोधण्यात घालवले. एकही उठला नाही, आणि मग ती माझ्या वर्गात पहिल्या रांगेत येऊन बसली. पण त्या संध्याकाळी हे दोघींनाही माहीत नव्हतं. आम्हाला एवढंच दिसत होतं की पोर उभी आहे.

“आई!” वैजूने माझ्या मागून डोकं काढलं. “थांब हां तू. मला शू लागलीया.”

ती दोघींच्या मधून मोरीकडे पळाली. द्वारका तशीच हात पुढे करून उभी राहिली, दगडावरून केव्हा उठली तिलाही कळलं नसेल. वैजू परत आली, ओले पाय फरशीवर आपटत, आणि सरळ त्या हातांत शिरली. द्वारकाने तिला उचललं, छातीशी धरलं, दंडावरचा तो लहानसा डाग पाहिला आणि हंबरडा फोडून रडायला लागली. असं रडणं मी त्यापूर्वी ऐकलं नव्हतं. शेजारच्या बायका कुंपणाशी गोळा झाल्या. द्वारकाला कशाचीच शुद्ध नव्हती, ती पोरीला घट्ट धरून रडतच होती.

वैजूने आईच्या खांद्यावरून मान वर काढली. माझ्या सगळ्या बांगड्या अजून तिच्या हातात होत्या.

“बाई, सांगा की हिला,” ती वैतागून म्हणाली. “टोचलंय मला, आन् रडतीया ही.”